छातीचा शेक

परभणीच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर मल्हारी पुन्हा बसला. गाठोडं घेऊन मागून येणारी त्याची बायको भागुबाई वैतागली.

"आता काय झालं? दार तर समोर हाय."

"दम लागायलाय."

"सदान् कदा दम! गाठ जळाली म्हणले ना हैदराबादचे डॉक्टर? मग कशाचा दम?"

मल्हारी काठी टेकून उठला. परभणी मुंबई राज्यात यायच्या आधल्या साली त्याच्या फुप्फुसात गाठ निघाली होती. हैदराबादला विजेच्या यंत्रातल्या किरणांनी छातीला शेक दिला आणि खोकल्यातून पडणारं रक्त थांबलं. माणूस मरता मरता वाचला म्हणून जिंतूरकडचे धनगर त्याला बघून गेले. पण पुढं त्याच्यानं मेंढरांमागं चालवेना. चढ आला की तो काठीवर रेलून उभा राही. मेंढरं वळायचं, कोंडायचं सगळं भागुबाईच्या गळ्यात पडलं. बायकोच्या जिवावर बसून खातो, असं भावकी म्हणू लागली. ती बाहेर ऐकून घेई आणि घरी येऊन त्याच्यावर काढी.

डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली. सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

"गाठ परत आलेली दिसत नाही," ते म्हणाले.

"बघा! मी काय म्हणत होते?" भागुबाई उसळली. "डॉक्टरसाब, तुमीच सांगा ह्यायला, जरा हातपाय हालवा म्हणून."

"चालायला लावू नका, बाई. यांचं हृदय थकलंय. ते गाठीच्या शेजारीच असतं. शेकाची धग त्यालाही लागली असणार."

भागुबाईचा आवाज चढला. "हे आदीच का न्हाई सांगितलं कुणी?"

"तेव्हा कुणाला नीट ठाऊक नव्हतं. आम्हालाही आता कुठं कळायला लागलंय." बाहेर रांग वाढत होती, डॉक्टरही कातावले होते. "आणि सांगितलं असतं, तर शेक नको म्हणाला असतात का?"

"न्हाई," मल्हारी म्हणाला. "जगलो की त्याच्यावर."

"तुमी गप बसा." भागुबाईनं डॉक्टरांकडं बघितलं. "शेक घेतलाच असता, डॉक्टरसाब. पण दोन वर्सं मी ह्यायला आळशी म्हणलं. एकदा तर ताटातली भाकर उचलून नेली म्होरून. ते तरी नसतं केलं."

डॉक्टरांनी मान खाली घालून गोळ्या लिहिल्या. जेवणात मीठ घालू नका म्हणाले. आता किती दिवस उरलेत, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

जिंतूरची एस्टी भरत आली होती. मल्हारीनं दांडा धरून एक पाय वर टेकवला आणि तसाच धापा टाकत थांबला. आत गावाकडची माणसं होती, भावकीतलेही कुणी होते. भागुबाईनं गाठोडं खाली टाकलं आणि पाठीमागून त्याला दोन्ही हातांनी धरलं.

"सोड," तो पुटपुटला. "लोकं बघायलेत."

"ए, चला लवकर!" कंडक्टर खेकसला. "दिवसभर इथंच उभं राहायचंय का?"

भागुबाई त्याच्याकडं वळली. सगळ्या गाडीला ऐकू गेलं.

"माझ्या मालकाचं काळीज भाजलंय. थांब की जरा!"