नावाची जागा

किड्यांची चित्रं काढायला मला बाबांनी शिकवलं. चित्राखाली तारीख, जागा आणि किड्याचं नाव लिहायचंच, असा त्यांचा दंडक होता. नाव माहीत नसेल तर सरळ ‘ओळख पटली नाही’ असं लिहायचं. एकदा मी एका भुंग्याला अंदाजपंचे नाव ठोकून दिलं, तर म्हणाले, “कार्टे, बिचाऱ्याला उगाच दुसऱ्याचं नाव कशाला?”

आजारी पडल्यापासून आज पहिल्यांदाच त्यांनी आपणहून पेन्सिल मागितली. मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, “हलू नका हं.” मला वाटलं, गंमत करताहेत.

तासभर ते माझ्याकडे बघत होते, कागदावर बारीक ठिपके देत होते. चित्र हातात आलं आणि मी हरखूनच गेले. ते सायकल शिकवत असताना मी पडले होते, तेव्हाचा हनुवटीवरचा व्रणसुद्धा सुटला नव्हता. खाली, सवयीप्रमाणे, आजची तारीख होती. जागा : खिडकीजवळची खुर्ची.



नाव : ओळख पटली नाही.