हिरवं कडं

लारिसाने फोटो संगणकाच्या पडद्याशेजारी धरला. एक झाकावं आणि दुसरं काढावं. फोटोत जोसलिनने काचेच्या बशीत वाढवलेली खरी जिवाणूंची वसाहत होती, पडद्यावर लारिसाच्या प्रोग्रॅममधली. दोन्हींच्या कडेला तेच झळझळीत हिरवं कडं.

"अगं, तुझ्या खोट्या जिवाणूंना आधीच कळतं तरी कसं?" जोसलिन हातमोजे काढत म्हणाली. "तुझ्या पडद्यावर कडं आलं तेव्हा माझे तर जन्मलेही नव्हते!"

लारिसालाही त्याचंच नवल वाटे. जोसलिनने जिवाणूंमध्ये जनुकांचं एक सर्किट बसवलं होतं: दाटी झाली की हिरवं चमकायचं. प्रोग्रॅममधल्या एकेका जिवाणूला लारिसाने तेवढंच शिकवलं. खा, वाढ, एकाचे दोन हो, दाटी झाली की चमक. कडं काढायला कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी हजारो जण मिळून ते काढत.

सोमवारी त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक फ्रीसन टोरांटोच्या परिषदेत हे मांडणार होते. शनिवारी प्रोग्रॅम शेवटचा तपासताना लारिसाला एक चूक सापडली. कडेच्या जिवाणूंचे शेजारी दोनदा मोजले जात होते, म्हणून तिथे खोटीच दाटी दिसत होती. चूक तिचीच. तिने ती सुधारली आणि वसाहत पुन्हा वाढू दिली. हिरवा रंग मधोमध आला. कडं गेलं.

मग फोटोत ते आलं कुठून?

जोसलिनची शिष्यवृत्ती संपत आली होती; ती वाढवून मिळावी म्हणून तिने फोटोच बनवला असेल? लारिसाने थेट फ्रीसनना फोन केला. मग गोठलेल्या नदीवरचा पूल ओलांडून ती प्रयोगशाळेत आली. जोसलिन डब्यातल्या पिरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खात होती.

"ते कडं म्हणजे माझी चूक होती," लारिसा म्हणाली. "प्रोग्रॅममधली. फोटो कसा बनवलास?"

जोसलिनचा काटा हवेतच राहिला. "बनवला?"

"फ्रीसनना सांगितलंय मी. परिषदेतलं आपलं सादरीकरण रद्द होतंय."

"मला आधी विचारलंही नाहीस?"

जोसलिनने डबा बंद केला. उबवणपेटीतून कालच वाढायला ठेवलेली नवी बशी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, खोलीतला दिवा मालवला.

"ये. बघ."

लारिसाने डोळा लावला. काळोखात हिरवं कडं पेटलेलं होतं, फोटोतल्यापेक्षा लख्ख.