पिवळा दिवा

चाकं चिखलात नुसती घसरत होती आणि गाडी जागची हलत नव्हती. मल्लिनाथनं ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एकदा गुरगुरायचं आणि लगेच मलूल व्हायचं. काचेवर पाऊस असा ओतत होता की वायपर चालू आहेत की बंद, तेही कळेना.

"शिव शिव," शेजारी बसलेली त्याची आई, शिवकांता, पुटपुटली. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी तिनं मुठीत घट्ट धरली होती.

दुपारचे दोनच वाजले होते. मायलेक अहमदपूरहून नांदेडला निघाले होते. शिवकांताची लेक पुनम तिथं टायफॉइडनं आडवी पडली होती आणि माय आठ दिवस तिच्याकडे राहणार होती. लोह्याच्या अलीकडे पुलाचं काम चालू, म्हणून गाड्या शेताच्या कडेनं वळवल्या होत्या. काळी माती एकदा भिजली की तिच्यावर माणूस उभा राहत नाही, तिथं गाडीची काय कथा.

"भिऊ नको माय. हे बटण दाबल्याबिगर निघायची न्हाई ती."

गिअरच्या पुढे एक बटण होतं. त्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र आणि खाली दोन नागमोडी रेघा. मल्लिनाथनं ते दाबून धरलं. समोर वेगाच्या काट्याशेजारी तसंच चित्र पिवळं उजळलं. गाडीनं हिसका दिला, चिखल उडवला आणि ती डांबरी रस्त्यावर आली.

शिवकांता त्या पिवळ्या दिव्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात मल्लिनाथनं पुन्हा बटण दाबलं आणि दिवा गेला.

"विझवलास कशाला रे?" तिनं विचारलं.

"काम झालं त्याचं."

"जळू द्यायचा की. तुझं काय जातंय?"

तो हसला. "तुझी समई हाय का ती?"

त्याला हसायला काय जात होतं! घरातलं माणूस रस्त्याला लागलं की देवापुढं समई लावायची आणि ते घरी येईपर्यंत विझू द्यायची नाही, हा तिच्या सासूनं घालून दिलेला नेम. सहा वर्षांपूर्वी अशाच पावसात तिचा नवरा पंचाक्षरी जीप घेऊन याच रस्त्यानं निघाला होता. शिवकांता दळण आणायला गेली, गिरणीवर बायकांशी बोलत बसली आणि इकडे समईतलं तेल संपलं. ती परत आली तेव्हा वात काळी पडली होती. थोड्या वेळानं निरोप आला. पुढच्याच वळणावर, ट्रॅक्टरांनी शेतातून आणलेल्या चिखलावर जीप घसरून उलटली होती.

गावानं चिखलाला दोष दिला. तिनं मात्र स्वतःला दिला.

म्हणून तर मल्लिनाथनं ही गाडी घेतली होती. घसरायला लागली की आपली आपणच सावरते, असं त्यानं तिला दहादा सांगितलं होतं. पण दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकूनच पिणार.

ते वळण आलं. रस्त्यावर काळा चिखल पसरला होता. डोळे मिटून घ्यावेत असं तिला वाटलं, पण भीतीनं ते मिटेनात. गाडीचा मागचा भाग एकदम रस्त्याकडेच्या चराकडे सरकला. मल्लिनाथनं स्टिअरिंग घट्ट धरलं. आणि त्याच क्षणी समोरचा पिवळा दिवा फडफडला. खालून करकर आवाज आला आणि कुणीतरी मागून धरून ठेवावं तशी गाडी सरळ झाली.

वळण मागे पडलं.

"त्यो दिवा लागला होता," शिवकांता म्हणाली.

"हाव. त्याच्यानंच वाचलो." मल्लिनाथ म्हणाला. "पण मी दिव्याकडं बघत नसतो माय. तिथं कायबाय लागत राहतंय. आपलं ध्यान रस्त्यावर."

पुनमच्या दाराशी आले तरी पाऊस थांबला नव्हता. मल्लिनाथला अंधाराआधी घर गाठायचं होतं. त्यानं गाडी चालूच ठेवली आणि पिशव्या घेऊन पडवीकडे पळाला. शिवकांता मिनिटभर गाडीतच बसून राहिली. मग उतरली.

"गाडी चालवताना फोन उचलायचा न्हाई," तिनं त्याला बजावलं. "कुणाचाबी असू दे. माझी शपथ हाय."

"हाव माय, न्हाई उचलत."

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ती पावसात उभी राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणाला रस्त्यावर धाडताना तिच्या छातीत धडधडलं नाही.

पुनम झोपली होती. जावयानं, आनंदराजनं, स्वतः चहा केला. तो पांचट होता, पण शिवकांता मिटक्या मारत प्याली.

"पाऊस लई वाढून राहिला," आनंदराज खिडकीतून बघत म्हणाला. "मल्लिनाथला थांबवायला पाहिजे होतं. ते वळण वाईट हाय."

"काळजी न्हाई आता. मी दिवा लावून दिलाय त्याला."

"कसला दिवा?"

"त्यो पिवळा, गाडी घसरल्यावाणी चित्र हाय बघा. त्यो पिशव्या ठेवायला आला, तवा मीच बटण दाबून धरलं. मघाशी नुसता फडफडत होता, आता कसा एकसारखा जळून राहिलाय." ती समाधानानं हसली. "तुमचीबी तसलीच गाडी हाय की. तुम्हीबी लावत जा."

आनंदराजनं कप खाली ठेवला आणि फोन उचलला. रिंग वाजत राहिली. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली.

"न्हाई उचलायचा त्यो," शिवकांता कौतुकानं म्हणाली. "माझी शपथ हाय त्याला."

आनंदराजनं फोन तिसऱ्यांदा कानाला लावला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"मामी," तो म्हणाला, "चिखलातून निघताना ते सावरणारं यंत्र बंद करावं लागतंय. त्यो दिवा फडफडला तर ते काम करतंय. एकसारखा जळत असला, म्हणजे ते बंद हाय."