साखर वाढा

गोजराबाईंचा सुनेवर राग होता तो एवढ्यासाठी, की घरची मांजर ठमी, तिला मधुमेह झाला तर रेवतीने तिला माणसांऐवजी एका मण्याच्या हवाली केलं. कातडीखाली बसवलेला तो तांदळाएवढा मणी ठमीचं रक्त तपासायचा, औषध स्वतःच सोडायचा आणि वर बोलायचाही.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "साखर वाढली."

"मी कशाला वाढीन? डबा फडताळात आहे," गोजराबाई फणकारल्या.

रेवती पोट धरून हसली. "आई, वाढली म्हणजे चढली." ते हसू त्यांना फार झोंबलं.

आज रेवती कामावर असताना मणी म्हणाला, "साखर वाढा." पुन्हा चढली वाटतं, म्हणून गोजराबाईंनी ठमीपुढची बशीच उचलली.

"वाढा. लवकर वाढा."

ठमीचे पाय लटपटले, मान कलंडली. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की हे तर पंगतीतलं वाढणं. त्यांनी बोटभर मध ठमीच्या हिरड्यांना चोळला.

हळूहळू ठमीने डोळे उघडले आणि त्यांचं बोट चाटलं. गोजराबाईंनी तिच्या मानेत बसवलेल्या मण्यावर हलकेच हात ठेवला. मुक्या जनावराचं रक्त उपाशी पडतं आणि चक्क मराठीत मागून घेतं, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी रेवती घरात शिरताच त्या म्हणाल्या, "तू केलंस ते बरं केलंस गं. मलाही एक मणी बसव. पण माझ्या आतलं पाहुण्यांदेखत बोलायचं नाही, एवढं आधी त्याला शिकव."