जुनी बाबागाडी

"रविवारी कुणाचं बाळ घेऊन आलीस गं, वैजंता?" सोसायटीच्या तळ्याच्या फाटकापाशी वॉचमनकाका बाबागाडीत वाकले.

"माझं."

मालकिणीचा मुलगा पळायला लागल्यावर ही जुनी गाडी तिला मिळाली होती. रोज त्याला तळ्याभोवती फिरवून घरी गेली की ती लेकीला बदकांच्या गोष्टी सांगायची.

"कामवाल्यांना बाबागाडी असेल तरच आत सोडायचं. नियम ठाऊक आहे ना?"

"मग ही काय भाजीची टोपली आहे?"

"अगं, तो नियम सोसायटीवाल्यांच्या पोरांसाठी."

"पाटीवर तसं कुठंय? लिहून आणा काका, तोवर आम्ही चक्कर मारतो."

तिनं गाडी आत ढकलली. बदकं दिसताच लेक किंचाळली. बाकावरच्या दोघी वळून बघू लागल्या.

"हळू," ती सवयीनं म्हणाली. मग गाडीशी वाकली. "नाही गं, ओरड. मोठ्यानं ओरड."