‘घड्याळजी’ या नावानं

‘लेख ठीक आहे. पण इतरांच्या ब्लॉगवर कॉमेंट लिहिणारे घड्याळजी ते तुम्हीच ना? मग इथं इतकं कोरडं का लिहिता?’

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं आणि आपल्या ब्लॉगवर आलेली ही कॉमेंट पुन्हा वाचली. घड्याळाला कुठलं तेल किती घालावं, यावरचा लेख होता. त्यासाठी त्यानं तीन रविवार घालवले होते.

गेल्या महिन्यापर्यंत त्याच्या ब्लॉगकडे दिवसाला चार माणसं फिरकायची, त्यातली दोन चुकून. मग कुठंतरी त्याच्या वाचनात आलं, की मोठ्या ब्लॉगवर जाऊन कॉमेंट लिहीत राहिलं की लोक नाव ओळखायला लागतात आणि मागोमाग आपल्याकडे येतात. नुसतं ‘छान’ लिहून भागत नाही. लेख नीट वाचायचा आणि त्यात भर पडेल असं काहीतरी सांगायचं. हे सगळं कागदावर उतरवून त्यानं बायकोच्या हातात दिलं. ती दुकानाच्या काउंटरवर बसायची. गिऱ्हाईक नसलं की तिला काम नसतं, असा त्याचा समज होता. ‘घड्याळजी’ या नावानंच लिही, एवढं मात्र त्यानं बजावून सांगितलं होतं.

काल त्याच्या ब्लॉगवर दोनशे माणसं आली होती.

तिनं काय लिहिलंय, ते त्यानं आजवर बघितलं नव्हतं. आता बघितलं.

जुन्या वस्तूंवरच्या एका नावाजलेल्या ब्लॉगवर तिची कॉमेंट होती. ‘आमच्याकडे एक बाई दर वर्षी नवऱ्याचं मनगटी घड्याळ घेऊन यायच्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. घड्याळ मागे पडतंय, म्हणायच्या. ते कधीच मागे पडत नव्हतं. आम्ही ठेवून घ्यायचो आणि परवा या, म्हणायचो. त्या दुसऱ्याच दिवशी यायच्या, झालं का विचारायला. तासभर बसायच्या. तेवढाच त्यांना बाहेर पडायला निमित्त.’

खाली त्रेपन्न उत्तरं. ‘घड्याळजी, डोळ्यांत पाणी आणलंत.’ ‘असा कारागीर आमच्याकडे का नाही?’

त्याला ती बाई आठवली. ‘यात काही बिघाड नाही, कशाला हेलपाटे घालता?’ असं तो आतल्या खोलीतून तिच्यावर खेकसला होता. ‘परवा या’ म्हणणारा तो नव्हता. कौतुक त्याच्या नावाचं चाललं होतं आणि पोटात त्याच्याच दुखत होतं.

तो लॅपटॉप घेऊन बाहेर आला.

“हे कधी लिहितेस तू?”

“तुम्ही घड्याळात डोकं घातलेलं असतं तेव्हा.”

“भर पडेल असं लिही म्हटलं होतं. तू गोष्टी काय सांगत बसलीस?”

“लोक येताहेत ना ब्लॉगवर?”

“येताहेत.”

“मग झालं तर.”

“तुझ्यासाठी येताहेत,” तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला वाटलं, हे मनात राहिलं असतं तर बरं होतं.

तिनं हातातलं बिलबुक बंद केलं.

“आजपासून कॉमेंट मीच लिहीन,” तो म्हणाला.

“लिहा की,” ती म्हणाली. “माझी कुठं हरकत आहे?”

त्याच ब्लॉगवर सकाळी लंबकाच्या घड्याळाविषयी लेख आला होता. कुणाच्या तरी आजोबांचं घड्याळ, भिंतीवरून उतरवतानाची हकिकत. घड्याळजीनं चार वेळा खोडून लिहिलं: ‘उन्हाळ्यात लंबकाची दांडी किंचित लांबते व घड्याळ मागे पडते. अशा वेळी खालचा नट अर्धा फेरा फिरवून गोळा वर घ्यावा.’ एकूण एक शब्द बरोबर होता. त्यानं कॉमेंट टाकली आणि कामाला लागला. पण चिमट्यातून स्क्रू दोनदा निसटला आणि दर पाच मिनिटांनी त्याचा हात लॅपटॉपकडे जात राहिला.

दुपारी उशिरा एकच उत्तर आलं. ‘घड्याळजी, आज तब्येत बरी नाही का?’

त्यानं चिमटा खाली ठेवला. मग उठला आणि लॅपटॉप काउंटरवर तिच्यासमोर ठेवला. तिनं वाचलं. हसू दाबायला तोंडावर हात धरला, पण खांदे हललेच.

“काय उत्तर द्यायचं यांना?” त्यानं विचारलं.

“खरं ते द्या. लिहा, तब्येत बरी आहे. आधीच्या कॉमेंट माझी बायको लिहायची.”

पहिलं वाक्य त्यानं लगेच लिहिलं. दुसऱ्याला वेळ लागला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन पट्टा बदलून गेलं. मग त्यानं तेही लिहिलं आणि बटण दाबलं.

अर्ध्या तासात अकरा उत्तरं आली. ती भिंतीवरच्या घड्याळांची धूळ पुसत होती. त्यानं एकेक करून वाचून दाखवायला घेतलं. ‘वहिनींना नमस्कार सांगा.’ ‘त्या बाई अजून येतात का, वहिनींना विचारून कळवा.’ ‘तेलावरचा लेखही वहिनींकडूनच लिहून घ्या.’ हे त्यानं जरा घाईनं वाचलं, पण वाचलं. ती फडकं हातात धरून ऐकत होती. तिचा चेहरा असा उजळलेला त्यानं कितीतरी दिवसांत बघितला नव्हता.

दहा झाली. अकरावं त्यानं मनातल्या मनात वाचलं.

‘ताई, तुम्ही स्वतःच्या नावानं ब्लॉग का सुरू करत नाही?’

“संपली?” तिनं विचारलं.

“संपली,” तो म्हणाला, आणि भिंग डोळ्याला लावलं.