दुरुस्तीला दिलेलं मशीन

शिवणाचं मशीन दुरुस्तीला दिलंय, असं कलाकार मुलगा आईला तीन महिने सांगत होता. ती न कळवता त्याचं प्रदर्शन बघायला आली, तर तेच मशीन दालनाच्या मधोमध. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटीवर लिहिलेलं: ‘मुकी आई. दहा मिनिटं तिच्या जागी बसा.’ कुणीतरी चाक उलटं फिरवून दोऱ्याचा गुंता करून ठेवलेला. “मावशी, तुमचा नंबर,” तिथल्या मुलीनं हेडफोन पुढे केले. “नुसती मशीनची खडखड ऐका. या आईनं जन्मभर चकार शब्द काढला नाही.” घरी मशीनवर बसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा, अख्खी गल्ली ऐकायची. तिनं आधी गुंता सोडवला. तेवढ्यात मुलगा धावत आला. “आई, तू इथं?” तिनं हेडफोन त्याच्या हातात कोंबले. “मी रोज बोलत होते. तुझ्या कानात हे असायचे.”